जानकीकाकूंचा बर्फाचा सीझन

आमच्या नेकनूरकडं 'सीझन' या शब्दाचा एकच अर्थ. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचे ट्रक येतात, घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊस तोडायला निघून जातात. त्यामुळं बंकटनं फोनवर "माय, यंदाच्या सीझनला इकडं ये" म्हटलं, तेव्हा जानकीकाकूंनी आधी विचारलं, "तिकडं बी ऊस हाय का?"

"ऊस न्हाई माय, बर्फ."

"बर्फाला कशाचा आलाय सीझन?"

बंकट हा काकूंचा एकुलता एक. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर खोलायला आणि जोडायला शिकला. पाऊस पडेना, ऊस लागेना, कारखाना एक वर्ष चालला तर दोन वर्षं बंद, अशी गत झाली तेव्हा तो शिकण्याच्या निमित्तानं न्यूझीलंडला गेला आणि तिथंच कामाला लागला. डोंगरावरचा बर्फ सपाट करणारी मोठी यंत्रं असतात, त्यांची देखभाल त्याच्याकडं. पायाला लांब पट्ट्या बांधून घसरायला लोक देशोदेशीहून त्या डोंगरावर येतात. तिकडं आपल्या उन्हाळ्यानंतर हिवाळा सुरू होतो, म्हणून त्यांचा सीझन जून ते सप्टेंबर. सून शिवकांता त्याच डोंगरावरच्या खानावळीत कामाला होती आणि मुलगी चार महिन्यांची. ती सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

काकूंना जायचं नव्हतं. साल दोन हजार एकोणीस. आदल्या वर्षीचा पाऊस हुकलेला, गावात टँकर, माळावर चारा छावणी. काकू दूध संस्थेच्या चेअरमन होत्या. बायकांना दारोदार गोळा करून ती संस्था त्यांनीच उभी केलेली, आणि त्या उन्हाळ्यात दूध निम्म्यावर आलं होतं. पण नातीचा फोटो आला आणि त्रिंबककाका म्हणाले, "जा तू. म्हशीचं मी बघतो छावणीत." काकांनी उभ्या जन्मात म्हशीचं काही बघितलं नव्हतं. काकू त्या काळजीसकट विमानात बसल्या.

उतरल्या तेव्हा तिथं पाऊस चालू होता. दुसऱ्या दिवशी पाऊस. तिसऱ्या दिवशीही पाऊस. डोंगराच्या पायथ्याचं ते गाव नुसतं ओलं गच्च, आणि गावातला प्रत्येक माणूस तोंड पाडून बसलेला. काकूंना वाटलं, कुणीतरी वारलं असेल.

"काय झालंय यांना?" त्यांनी विचारलं.

"पाऊस पडतोय ना," बंकट म्हणाला. "वर जो थोडा बर्फ होता तो धुऊन चाललाय. हवा थंड पाहिजे, पाऊस नको. असंच राहिलं तर डोंगर उघडणार न्हाई."

काकूंनी त्याच्याकडं बघितलं. "म्हंजी ही माणसं पावसाला शिव्या देत्यात?"

"हो."

"आन् तू बी?"

काकू त्या दिवशी त्याच्याशी बोलल्या नाहीत.

वैताग दुहेरी होता. तिकडं दुपारची जेवणं व्हायची तेव्हा इकडं सकाळचं दूध संकलन सुरू असायचं, आणि नेमका तेव्हाच संस्थेचा सचिव धुळाजी फोन लावायचा. टँकर आला न्हाई. वीज गेली. कडूबाईनं दुधात पाणी घातलं असं चंद्रभागाबाई म्हणती. खिडकीबाहेर धो धो पाऊस, मांडीवर नात आणि कानाला धुळाजी.

"धुळाजी, मी सातासमुद्रापलीकडं बसलेय," काकू म्हणायच्या. "हितून कडूबाईच्या घागरीत डोकावू का?"

"तसं न्हाई चेअरमनबाई, पण तुमच्या कानावर घातलं."

घरातही काही धड नव्हतं. ते घर सीझनच्या कामगारांचं. बंकट-शिवकांताची एक खोली, बाकी खोल्यांत अर्जेंटिनाची लुसिया, तिचा भाऊ तोमास आणि आणखी दोघं पोरं. प्रत्येकाचं जेवण वेगळं, तवा वेगळा, मीठसुद्धा वेगळं. फ्रिज उघडला की दुधाच्या सहा बाटल्या, प्रत्येकीवर नाव लिहिलेलं, आणि त्यातल्या तीन नासलेल्या. आयुष्यभर थेंब थेंब दूध मोजून घेतलेल्या बाईला ते बघवेना.

"यांला एका बाटलीत भागत न्हाई का?"

"इथं तशीच पद्धत हाय माय," शिवकांता म्हणाली.

"नासवायची पद्धत?"

जून सरला तरी डोंगर उघडला नाही. बंकटचं काम यंत्रांचं, म्हणून त्याचा पगार चालू होता. पण लुसिया, तोमास यांच्यासारख्यांना जितके तास काम तितकंच वेतन, आणि तास तर मिळतच नव्हते. ती पोरं दिवसभर फोनवर हवामान बघत बसायची. हळूहळू त्यांचे तवे गॅसवर चढेनासे झाले. तोमास सकाळ-संध्याकाळ पाव खाताना दिसायला लागला. काकूंनी हे चार दिवस पाहिलं. आकाशाकडं बघत बसलेली माणसं त्यांनी थोडी बघितली होती का? आणि ही तर बंकटपेक्षाही लहान पोरं.

पाचव्या दिवशी त्यांनी फ्रिजमधल्या सगळ्या चांगल्या बाटल्या बाहेर काढल्या, नावं न बघता एका पातेल्यात ओतल्या आणि दूध तापवलं. लुसिया धावत आली आणि इंग्रजीत काहीतरी जोरात बोलू लागली. काकूंनी आपल्या भाषेत उत्तर दिलं. मध्ये शिवकांता सापडली.

"ती म्हणती, विचारल्याशिवाय माझं दूध कावून घेतलं?"

"तिला सांग, आजपासून चूल एकच. ज्याच्याकडं जे हाय ते त्यानं हितं आणून ठिवायचं. ज्याच्याकडं काहीच न्हाई त्यानं भांडी घासायची. सहा जणांनी सहा डाळी शिजवायच्या ही काय रीत झाली?"

शिवकांतानं सांगितलं. लुसिया कुरकुरली, पण संध्याकाळी खिचडी आणि दह्याची वाटी समोर आल्यावर मान खाली घालून जेवली. दुसऱ्या दिवशी तोमासनं बटाट्यांची पिशवी आणून ओट्यावर ठेवली. हे सगळं गोडीगुलाबीनं चाललं असं मात्र नाही. तिखटावरून रोज वाद. एका पोराला मांसाशिवाय जेवण म्हणजे शिक्षा वाटायची. भांडी कुणी घासायची यावरून तर संस्थेच्या बैठकीत होत नाहीत इतकी भांडणं. काकू म्हणायच्या, "आमच्या बायका बऱ्या. भांडल्या तरी कळतंय काय म्हणत्यात."

त्याच दिवसांत बंकटनं त्यांना आपली शेड दाखवली. रणगाड्यासारखी मोठी यंत्रं ओळीनं उभी, पुसलेली, ग्रीस लावलेली.

"ही बर्फ नसल्यावर काय करत्यात?"

"उभीच असत्यात. वर्षातले आठ महिने. पण आमी रोज बघतो. बर्फ कधी बी पडू शकतो."

जुलैच्या मध्यावर एकदाचा बर्फ पडला. डोंगर उघडला, घर दिवसभर रिकामं राहू लागलं. थकून आलेल्या पोरांना आता जेवण तयार लागायचं, म्हणजे काकूंचं काम वाढलंच. बंकट म्हणायचा, वर चल, एकदा बघून घे. त्या टाळत राहिल्या.

ऑगस्टमध्ये धुळाजीचा फोन आला तो वेगळाच. आवाज खाली गेलेला. "चेअरमनबाई, बबनरावांनी सभा बोलावलीय."

बबनराव म्हणजे गावातले जमीनदार आणि पुढारी. त्यांनी एका खाजगी डेअरीचं काम घेतलं होतं. दूध थंड करायचा संस्थेचा मोठा बल्क कूलर निम्मा रिकामा चालतो. तेव्हा तो डेअरीला द्यावा आणि सभासदांनी तिकडंच दूध घालावं, असा त्यांचा ठराव होता.

"मी न्हाई हे बघूनच सभा बोलावली," काकू म्हणाल्या. "मला फोनवर घे."

सभेच्या दिवशी नेमकं घरातलं नेटवर्क गेलं. सुट्टी असलेल्या शिवकांतानं नातीला जवळ घेतलं आणि बंकटनं काकूंना गाडीत घातलं. वर, खानावळीच्या मागं, फोन चांगला लागायचा. अशा रीतीनं जानकीकाकू पहिल्यांदा बर्फात उभ्या राहिल्या: लुगड्यावर सुनेचा कोट, पायात मुलाचे बूट, कानाला फोन.

इकडं संस्थेच्या ओट्यावर धुळाजीनं फोन स्पीकरवर धरला होता. मी तिथं होतो. आधी नुसता वाऱ्याचा आवाज आला.

"वहिनी, थंडी लई असंल तिकडं," बबनराव म्हणाले.

"थंडीचं सोडा. कूलर कावून द्यायचा ते सांगा."

"दूध हाय कुठं? बंद पडून गंजण्यापरीस दिलेला बरा."

"बबनराव, मी जिथं उभी हाय तिथं आठ महिने बर्फ नसतो. यंदा तर दीड महिना लोक वाट बघत बसलेवते. पण यंत्रं कुणी देऊन टाकली न्हाईत. पुसून, ग्रीस लावून ठिवलीती. बर्फ पडला त्या दिवशी चालू केली. आज कूलर दिला आन् उद्या म्हशी दुधाला आल्या, तर बायकांनी घागरी घिऊन तुमच्या दारात उभं ऱ्हायचं का?"

मग कडूबाई, जिच्याविषयी सगळी तक्रार होती ती, म्हणाली, "माझा हात कूलर ठिवायला." एकेक हात वर गेले. ठराव पडला, पण थोडक्यात. आणि नऊ घरांनी तिथंच सांगून टाकलं, उद्यापासून आमचं दूध बबनरावांच्या गाडीत.

फोन ठेवल्यावर काकू बर्फातून निघाल्या आणि चौथ्या पावलाला घसरून बसल्या. बंकट धावला. त्यांना लागलं नव्हतं, नुसता संताप आला होता. "नऊ घरं," त्या तशाच बसून म्हणाल्या. "ह्या बायकांच्या बाळंतपणाला मी रात्र रात्र जागलेय." बंकट शेजारी बसला. थोड्या वेळानं त्यांनीच हात पुढं केला, "उठीव मला. कोट भिजला सुनेचा."

सप्टेंबरअखेर डोंगर बंद झाला. निघताना लुसियानं त्यांना घट्ट धरलं आणि रडली. काकूंनी तिची पाठ थोपटली आणि शिवकांताला बजावलं, "हिला म्हणावं, रडून झालं की पातेलं घास. तळाला दूध लागलंय."

गावी आल्या तर पाऊस मागून येऊन बदाबदा कोसळलेला, काढणीची सोयाबीन भिजलेली, पण रानात गवत झालं होतं. म्हैस छावणीतून चांगली धष्टपुष्ट परतली होती. काकांनी दोनदा तरी ते बोलून दाखवलं. दिवाळीपर्यंत दूध वाढलं. बबनरावांची गाडी एक दिवस यायची, दोन दिवस दडी मारायची.

एका सकाळी त्या नऊतली पाच घरं घागरी घेऊन संस्थेच्या ओट्यावर आली. पुढं चंद्रभागाबाई.

"कावून आलाव?" काकूंनी विचारलं.

"तुमी आलाव म्हणून. आठवण येत हुती लई."

"बबनरावानं फॅट कमी लावून भाव पाडला, म्हणून आलाव," काकू म्हणाल्या. "मागं रांगेत उभ्या ऱ्हा. आन् धुळाजी, हिच्या दुधात पाणी हाय का ते आधी बघ."