फौजदाराला चपाती घालू नये

बागेत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. झाडाखाली पाला साठतो तसे ते साठतात. झाडून टाकले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथंच! फरक एवढाच की पाल्याचा मला कधी राग आला नाही. या किश्शांचा येतो. इतकी वर्षं झाली, अजून येतो.

मी राहुरीकडच्या एका गावात नगरपालिकेच्या बागेचा सुपरवायझर होतो. बाग म्हणजे थोडे गुलमोहर, एक घसरगुंडी आणि मधोमध गोल तळं. आमच्या अध्यक्षांनी बंगलोरला कुठल्याशा बागेत पाण्यावर तरंगणारी पाखरं पाहिली आणि त्यांची झोप उडाली. एके दिवशी ट्रकमधून खुराडी आली. त्यांत बदकं होती आणि थोडे हंस. हंस असं आपलं लोक म्हणायचे. चित्रातले नव्हेत. हे पांढरे, लांब मानेचे, माणूस दिसला की फुसफुसणारे.

"पाखरं तुमच्या ताब्यात," अध्यक्ष म्हणाले. "एक जरी मेलं तरी मी तुम्हालाच विचारणार!"

मला त्याचं काही वाटलं नाही. दाणापाणी वेळेवर केलं की पाखरू कशाला मरतंय, असा माझा हिशेब. माणसं लाडानंही जीव घेतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

*

तळ्याच्या उद्घाटनाला एक मोठे पाहुणे आले. पाहुण्यांनी पाखरांना दाणे टाकायचे, फोटोग्राफरनं फोटो काढायचा, असा कार्यक्रम ठरला होता. मी आधीच बजावलं, "साहेब, लांबून टाका. तो पुढचा मोठा आहे ना, त्याचं नाव आम्ही फौजदार ठेवलंय. येणाऱ्या प्रत्येकाकडं तो संशयानं बघतो."

"अहो, मुकं पाखरू ते!" पाहुणे हसले. "त्याला प्रेम कळतं." आणि ओंजळीत ज्वारी घेऊन ते तळ्याच्या कठड्याशी उकिडवे बसले.

फौजदारानं ज्वारी खाल्ली. मग बोटातली अंगठी ओढून बघितली. ती निघेना, तेव्हा मागच्या बाजूनं जाऊन त्यानं धोतराचा काष्टा धरला! पाहुणे पुढं, काष्टा मागं आणि काष्ट्याला लोंबकळलेला फौजदार. सगळी बाग ओरडतेय आणि फोटोग्राफर एका डोळ्यानं कॅमेऱ्यात बघत म्हणतोय, "साहेब, हलू नका! फोकस जातोय!"

दुसऱ्या दिवशी बोलणी कोणी खाल्ली? मी! "तुम्ही पाखरांना वळण लावलं नाही," अध्यक्ष म्हणाले. पाहुण्यांना वळण लावायचं काम कोणत्या खात्याकडं होतं, ते मी विचारलं नाही. तो फोटो नगरपालिकेत कधी लागला नाही. माझ्या घरात मात्र बरीच वर्षं होता.

*

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. भाद्रपद संपत आला तरी शेतं उघडी आणि आभाळ कोरडं. तळ्याचं पाणी बागेच्या विहिरीवरून यायचं, ते निम्म्यावर आलं. अशात सर्वपित्री अमावास्या आली.

त्या दिवशी घरोघरी पितरांचं पान वाढतात आणि आधी कावळ्याला घास देतात. पण त्या साली कावळेही कुठं परागंदा झाले होते कोण जाणे! माणसं छपरावर उभी राहून "का-का" ओरडतायत आणि कावळ्याचा पत्ता नाही. ऊन चढलं. पोरं उपाशी रडायला लागली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, नगरपालिकेच्या तळ्यात पाखरं आहेत की!

दुपारपर्यंत बागेत जत्रा. पत्रावळीवर भात, खीर, उडदाचे वडे. दुष्काळात पोटाला चिमटा घेऊन केलेलं आणि सगळं माझ्या तळ्यात! मी आडवा आलो. एका आजीबाईंनी मला बाजूला सारलं.

"आजी, कावळ्याला द्यायचं असतं, बदकाला नाही!"

"कावळा न्हाई आला तर काय करू? बदक बी पाखरूच हाय न्हवं?"

"अहो, पण ही मरतील!"

"पितरांचं खाऊन कुनी मरत न्हाई," आजी म्हणाल्या आणि त्यांनी अख्खा वडा भिरकावला.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर तुपाचा तवंग होता आणि दोन बदकं काठाशी मान टाकून पडली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी एकाचं पोट फाडून मला दाखवलं. आत फुगलेला भात आणि अर्धा वडा होता. मला रडू आलं आणि राग आला. दोन्ही एकदमच आलं. पण रडण्यापेक्षा राग बरा, म्हणून मी तोच धरून ठेवला.

त्याच दिवशी पाटी लावली. पत्र्याची, लाल अक्षरांत: "पक्ष्यांना खाऊ घालू नये." लोकांनी ती वाचली आणि सावली बरी पडते म्हणून खाऊच्या पिशव्या तिच्याखाली ठेवायला सुरुवात केली.

*

कोंडिबा फुटाणेवाल्यानं तर कमालच केली. शिळा, खवट चिवडा तो छोट्या पुड्यांत बांधून विकायला लागला. पाटीच्या बरोबर खाली बसून! ओरडायचा काय, तर "बदकांचा पुडा! बदकांचा पुडा!"

मी त्याची टोपली धरली. "कोंडिबा, ही पाटी वाचता येते का?"

"येती की. घालू नये म्हनती ती. मी कुठं घालतोय, सायेब? मी तर इकतोय!"

मी त्याची टोपली उचलून स्वतः बागेच्या फाटकाबाहेर नेऊन ठेवली आणि पुन्हा आत दिसलास तर बघ, म्हणून दम दिला. कोंडिबानं दम पाळला. दुसऱ्या दिवशी तो बाहेरच बसला होता. डोक्यावर पुठ्ठा टांगलेला आणि त्यावर खडूनं लिहिलेलं: "बदकांचा खाऊ घेऊन जा. आत मिळत नाही."

*

पण या सगळ्यांत माझा खरा वैरी एकच, अण्णा कंडक्टर. रिटायर झालेला, काडीसारखा म्हातारा. दात पडलेले, बायको वारलेली. रोज संध्याकाळी बागेत यायचा. खांद्याला जुनी चामड्याची पिशवी आणि हातात तिकिटं टोचायचा पंच. कठड्यावर पंच वाजवायचा, टक-टक-टक! तो आवाज ऐकला की अख्खं तळं त्याच्याकडं धावायचं. मी वर्षभर दाणे टाकले, माझ्या हाकेला एक बदक कधी आलं नाही!

मग अण्णा पिशवीत हात घालून चपातीचे तुकडे काढायचा. "चला, पुढं सरका, पुढं सरका! दारात गर्दी करू नका! ओ फौजदार, मागच्यांना येऊ द्या की!"

आणि फौजदार सरकायचा! आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही त्यानं, पण अण्णाचं ऐकायचा.

"अण्णा, पाटी!" मी ओरडायचो.

"बघितली. अक्षर चांगलं हाय."

"दोन बदकं मेली, ठाऊक आहे ना? पाणी राहिलंय का तळ्यात? पडलेलं सगळं कुजतंय! आणखी एखादं मेलं तर?"

"वड्यानं मेली ती. माझ्या चपातीनं कुनी मेलंय का, सांगा."

एकदा पिशवी तपासली तर रिकामी. मी खूश झालो. तो टोपी काढून कठड्यावर बसला, तर टोपीत चपाती!

*

त्र्याहत्तरचा उन्हाळा म्हणजे विचारू नका. सगळा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडायला. रेशनवर मिलो मिळायचा, ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. भाकरी धड थापली जायची नाही की घशाखाली उतरायची नाही. तळ्याच्या मधोमध आता डबकंच उरलं होतं.

एका दुपारी पुण्याच्या गाडीतून एक कुटुंब उतरलं. हातात पाव, आणि पावाला लोणी! लोणी लावलेले तुकडे ते हंसांना टाकत होते आणि हसत होते. शेजारी गुलमोहराखाली खडीच्या कामावरून आलेली एक बाई फडक्यातली भाकरी सोडून खायला बसली होती. मी पाटीकडं बोट दाखवत त्या लोकांवर धावलोच, पण माझ्या आधी ती उठली. तिनं आपल्या तांबड्या भाकरीचा तुकडा मोडला आणि फौजदारापुढं टाकला.

फौजदारानं तो चोचीत घेतला, चघळला आणि थुंकून टाकला.

पुण्याच्या बाई टाळ्या वाजवून हसल्या. खडीवरची बाई हसली नाही. "बगा," ती म्हणाली, "त्येला बी जात न्हाई. आन आमाला सांगत्यात, ग्वाड मानून खावा!"

मग तिनं राहिलेली भाकरी खाल्ली आणि कामावर गेली. मी त्या पुण्याच्या लोकांना जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. त्यांनी माझी तक्रार केली. केली तर केली!

तो सगळा राग त्या संध्याकाळी अण्णावर निघाला. "माणसं मिलो खातायत आणि तुम्ही हंसांना गव्हाची चपाती घालता? लाज वाटत नाही?"

"माझ्या वाटची हाय ती," अण्णा शांतपणे म्हणाला. "मला दात न्हाईत म्हणून सून कुठून तरी गहू मिळवून दोन चपात्या देती. त्यातली एक आणतो."

"मग दोन्ही तुम्हीच खा ना! अंगावर मांस राहिलंय का बघा!"

"एकट्याला जेवण जात न्हाई, सायेब."

मी पाटीवर हात आपटला आणि ऑफिसात निघून गेलो. मागं पंच वाजत होता.

*

मृगाच्या तोंडावर अण्णा गेला. झोपेतच गेला. दहाव्याला मी मुळा नदीच्या घाटावर गेलो. भांडलो असलो तरी रोजचा माणूस होता. नदीत पाणी नव्हतं, नुसती वाळू. पिंड मांडले, सगळे मागं सरकले आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिले.

या वेळी कावळे होते. समोरच्या बाभळीवर चांगले ओळीनं बसले होते. पण एक खाली येईना!

पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. थोरला मुलगा हात जोडून पुढं झाला. "अण्णा, धाकट्याचं लगीन मी करून दीन." कावळे हलले नाहीत. धाकटा म्हणाला, "अण्णा, आमी भांडनार न्हाई." कुणी हललं नाही. सून पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मामा, काय चुकलं आमचं?" तरी नाही. मग नातवानं अण्णाचा पंच आणला आणि वाजवला, टक-टक-टक! तर बाभळीवरचे निम्मे कावळे उडून गेले.

ऊन तापलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. ते पाहून सुनेला हुंदका फुटला. "दर्भाचा नगा करू, गुर्जी! त्येंचा जीव आडकून ऱ्हाईल!"

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णांचा जीव त्या हंसांत हुता."

आणि सगळा घाट माझ्याकडं वळला! जसा काही मीच कावळे बाभळीला बांधून ठेवले होते. मुलगा बघतोय, सून बघतेय, गुरुजी दर्भ हातात धरून बघतायत. माझं डोकं फिरलं. मेला तरी हा माणूस माझ्याशी भांडायचा थांबत नाही!

मी तरातरा पिंडापुढं गेलो. "अण्णा, ऐका!" मी ओरडलो. "पाटी निघणार नाही! निघणार नाही म्हणजे नाही! पाखरं जगवायचीत मला!"

बाभळीवर हालचाल नाही.

"बरं, मी घालीन. मी स्वतः! रोज संध्याकाळी, पंच वाजवून. एक चपाती!"

एक कावळा खाली उतरला. उड्या मारत पिंडापाशी आला. त्यानं एका डोळ्यानं पिंडाकडं बघितलं, एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं आणि तिथंच बसून राहिला.

"अहो, बारीक तुकडे करून घालीन! आता काय राहिलं?"

कावळा मान वाकडी करून बसलेलाच.

"बरं, दोन!" मी किंचाळलो. "दोन घालीन! पण बास!"

कावळा शिवला.