झग्यावरचं उघडं लाकूड

"मावशी, आई काल गेली... पीसफुली गेली," अरुणाताईंच्या मुलीचा मँचेस्टरहून फोन आला तेव्हा मी केंब्रिजला बसस्टॉपवर उभी होते. त्याला सहा आठवडे झाले. त्या दिवशी रडले ते त्यांच्यासाठी, आणि तितकंच माझ्या भित्रेपणासाठी. आता लिहूनच टाकते.

अरुणाताई जुन्या लाकडावरची रंगकामं जपायच्या. इकडच्या खेड्यांतल्या जुन्या चर्चमध्ये लोक बसतात ती जागा आणि पुढची वेदी यांच्यामध्ये कोरीव लाकडी पडदा असतो. वर वेलबुट्टीची जाळी, खाली फळ्यांवर रंगवलेले संत. कधीकाळी धर्माच्या भांडणात कुणीकुणी त्यांचे चेहरे खरवडून काढलेले. "मग नवे का नाही रंगवत?" मी एकदा विचारलं. "उरलंय तेवढं राखायचं गं. आपली कला दाखवायची नाही," त्या म्हणाल्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शनिवारी मी अशाच एका चर्चमध्ये त्यांच्या मदतीला गेले. कापसाचा बोळा जिभेवर ओला करून त्या एका संताच्या झग्यावरची काजळी टिपत होत्या. या कामाला थुंकीच सगळ्यात सौम्य, म्हणे. माझ्या अंगावर काटाच आला. देवमाणूस कुणाचाही असो, त्याला उष्टं? त्या फोन घ्यायला बाहेर गेल्या आणि मी दीडशहाणीने बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात फडका भिजवून झगा पुसून काढला. एवढ्या पाण्याने जुना रंग सुटला, फडका हिरवा झाला. शेकडो वर्षं टिकलेला रंग...

अरुणाताईंनी फडका पाहिला, माझ्याकडे पाहिलं. चर्चची देखभाल करणाऱ्या मार्गारेटबाई आल्या तेव्हा "माय मिस्टेक," एवढंच अरुणाताई बोलल्या. मी शेजारीच उभी होते, तोंडातून शब्द काढला नाही. त्यांचं ते काम गेलं, पुढे पडद्याचं दुसरं कधी मिळालं नाही. मला मात्र दर दिवाळीला त्यांच्याकडून चिवडा येत राहिला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी त्या चर्चमध्ये गेले. झग्यावर तळहाताएवढं लाकूड उघडं आहे. उरलेला रंग सुटू नये म्हणून अरुणाताईंनी ते काम सोडण्याआधी त्याच्या कडा बारीक ब्रशने चिकटवून ठेवल्या होत्या. त्या अजून तशाच आहेत. मार्गारेटबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात थोपटला. "ओह, डोन्ट वरी, लव्ह. इट वॉज अ लाँग टाइम अगो. कुणाच्या लक्षातही नाही आता."

लक्षात होतं त्या एकट्या अरुणाताईंच्या. आणि त्यांना मी कधी सॉरीसुद्धा म्हटलं नाही.