गिरधर आप्पांना हाक कोणी मारायची

काळजी करण्याचं एखादं बक्षीस असतं, तर तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या पंचक्रोशीत ते दरवर्षी पार्वतीबाईंच्याच घरी आलं असतं. मुलगा नवनीत याला शहाद्याहून यायला जरा उशीर झाला की त्या फाटकाशी उभ्या. तापीला पाणी वाढलं की त्यांची झोप उडते, आणि पाणी उतरलं की आता कुणीतरी गाळात रुतणार म्हणून उडते. तळोद्याचं माहेर सोडून या घरात आल्या तेव्हा त्या पोरसवदा होत्या, आता साठीला टेकल्या. केळीच्या बागेत अजून गड्यांच्या बरोबरीनं चालतात. अंगानं खणखणीत, पण मन चिंती ते वैरी न चिंती, अशी सगळी गत.

तर अशा बाईच्या नवऱ्यानं, गिरधर आप्पांनी, श्रावणातल्या एका सकाळी बशीत चहा ओतता ओतता सांगून टाकलं, की येत्या रविवारी तोरणमाळला जायचं. गाडीनं नाही, पायवाटेनं.

गेल्या वर्षीच सुरतेला त्यांच्या छातीत स्टेंट बसवली होती. पार्वतीबाईंच्या हातातली चिमट्यातली पातेली तशीच राहिली. "गाडी वरलोंग जास ना," त्या म्हणाल्या, "मंग पाये पाये कसाले?"

"डॉक्टरनीच सांगेल शे चालाले," आप्पा म्हणाले. "आनि खाटवर बसीसन बी मानूस मरस."

मरायचा विषय निघाला म्हणजे आप्पा हट्टाला पेटलेले असतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरुणपणी ते त्या वाटेनं मित्रांबरोबर चढून गेले होते आणि ऑपरेशननंतर तीच वाट त्यांच्या डोक्यात बसली होती. त्यात सून रुचिका हिनं कॉलेजात असताना नाशकाकडचे चार गड पायाखाली घातलेले. तिनं बेत हातातच घेतला. जीप घाटाच्या पायथ्याशी सोडेल, सावकाश वर चढायचं, वर तलावापाशी भाकरी खायची आणि उतरताना जीपनंच यायचं. तिनं डॉक्टरांनाही फोन लावला. डॉक्टर नाही म्हणतील या एकाच आशेवर पार्वतीबाई स्वयंपाकघरात कान देऊन उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, थांबत थांबत जा, काही हरकत नाही. पार्वतीबाईंनी त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं.

मग त्यांनी आडून आडून प्रयत्न सुरू केले. पावसात साप निघतात. दगडावर शेवाळ असतं. शेवटी आपला गुडघा दुखतो असंही सांगून पाहिलं. रुचिका म्हणाली, मग तुम्ही घरी थांबा आई, आम्ही जाऊन येतो. गुडघा तिथल्या तिथे बरा झाला.

पण खरं घोडं पेंड खात होतं ते करमसिंगपाशी. करमसिंग घाटाखालच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी, हंगामात आप्पांच्या बागेत कामाला असतो. रविवारी तोच वाट दाखवणार होता. ओट्यावर बसून तो म्हणाला, "आप्पा, या दिवसांत ढगच खाली उतरतो. दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. वाट अरुंद, म्हणून एकामागं एक चालायचं. मागच्यानं पुढच्याला वळणावळणावर हाक मारायची, नावानं. पुढच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं."

"मन्हा मागे ही चालई," आप्पा पार्वतीबाईंकडे बोट करून म्हणाले. "माले दम लागना का हिलेच पहिले समजस."

ते खरंच होतं. आप्पांचा श्वास कुठं जड होतो, कुठं अडकतो, हे त्या दुसऱ्या खोलीतून सांगू शकत होत्या. पण नावानं हाक? लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावलं होतं, की बाईनं नवऱ्याचं नाव नुसतं तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं. सासूबाई गेल्या, घरात टीव्ही आला, मोबाइल आला, सून आली. पार्वतीबाईंनी ते नाव काढलं नाही. दवाखान्यात कागदावर पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही त्यांनी नवनीतकडे बघितलं होतं.

"आई, मी नवनीतला दिवसातून पन्नास वेळा नावानं हाक मारते," रुचिका म्हणाली. "तो बघा कसा ठणठणीत आहे!"

नवनीतला महिन्याआड सर्दी का होते, याबद्दल पार्वतीबाईंचं स्वतःचं एक मत होतं.

त्यांचं दुःख कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. नाव घेतलं तर आयुष्य घटणार, आणि नाही घेतलं तर माणूस ढगात नाहीसा होणार. दोन्ही बाजूंनी त्यांच्याच हातानं. स्वयंपाक करताना, गाईला चारा टाकताना त्या हाच एक विचार उगाळत होत्या. छातीत कळ आली तर आप्पांच्या जिभेखाली ठेवायची गोळी त्यांनी आत्ताच पदराच्या गाठीत बांधून टाकली होती, रविवार यायचा होता तरी.

शनिवारी करमसिंग म्हणाला, हाका मारायचं एकदा बागेतच करून बघू. केळी डोक्याच्या वर गेलेली, पानं पानांत गुंतलेली, चार झाडांपलीकडचं दिसत नाही. आप्पा पुढे शिरले. पार्वतीबाई बांधाशी उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांना एकदम वाट सापडली. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं! सासूबाईंनीच तर शिकवले होते उखाणे. त्यांनी घसा साफ करून बागेत उखाणा सोडून दिला:

"केळीच्या पानावर वाढली खीर, गिरधरराव, थांबा, धरा जरा धीर!"

बागेतून आप्पांचं खो खो हसणं आलं. रुचिका तर बांधावरच बसली. करमसिंग मात्र हसला नाही. "बाई," तो म्हणाला, "खीर वाढेपर्यंत माणूस दरीत जाईल."

पार्वतीबाईंचं तोंड उतरलं. आप्पा आणखी आत गेले. पानं हलायची थांबली.

"ओ, आयकतस का?" त्यांनी हाक दिली, आयुष्यभर देत आल्या तशी.

शेजारच्या बागेतून लोटन ओरडला, "काय व वहिनी, काय जयं?"

"तुले नही!" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा, "आयकतस का?"

आप्पांचा आवाज नाही. रुचिकाचं हसू थांबलं. पार्वतीबाईंनी कान दिला. बागेत थेंब पडत होते, कुठंतरी चिखलात काहीतरी रुतलं, आणि जो श्वास त्यांना भिंतीपलीकडून ऐकू यायचा तो आता कुठंच नव्हता. त्यांनी "नवनीतना बाप" म्हणून बघितलं. काही नाही. पदराची गाठ त्यांच्या मुठीत आली होती. सासूबाई आठवल्या, दवाखान्यातला हिरवा पडदा आठवला.

"गिरधर!"

राव नाही, आप्पा नाही. नुसतं नाव, लोटनच्या बागेपार जाईल एवढं मोठं. "गिरधर! गिरधर!" म्हणत त्या पानं फाडत आत घुसल्या.

आप्पा पाण्याच्या पाइपावर बसले होते. धडधाकट. कपाळावर घाम होता, पण तो चालण्याचा. ते बायकोकडे नुसते बघत होते.

"मुका का बसनात? मन्हा जीव गया ना!"

"करमसिंगनी सांगेल व्हतं, नावले ओ देवानी," आप्पा म्हणाले. "आनि नाव लिधं तू... ते ओ निघनीच नही." मग नाव पुन्हा घे म्हणून विनवत ते म्हणाले, "एक डाव आखो ले ना."

पार्वतीबाईंनी डोळे पुसले, त्यांचा हात धरून त्यांना उठवलं आणि श्वास नीट चालतोय का ते उभं राहून ऐकलं. चालत होता.

घराकडे येताना बांध अरुंद म्हणून आप्पा पुढे आणि त्या मागे. करमसिंग आणि रुचिका दूर गेल्यावर त्यांनी हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "गिरधर."

"ओ," आप्पा म्हणाले.

आयुष्य घटलं असेल का? पुढची पाठ चालतच होती. वळणावर त्यांनी पुन्हा नाव घेतलं, पुन्हा ओ आली. घरापर्यंत त्या घाबरतच होत्या, आणि घरापर्यंत त्यांनी एकही वळण सोडलं नाही.