ढाब्यावर तयार झालेला डीबगर

लग्न होऊन मी चौसाळ्याला आले तेव्हा माझ्या सामानात साड्यांच्या खाली एक सोल्डरिंग आयर्न आणि एक मल्टिमीटर होता. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो सोल्डरिंग आयर्न उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "इतकी बारकी इस्त्री? काय, ब्लाउजच्या बाह्यांना का?"

आमचं दुकान हायवेला लागून. विहिरीवरच्या मोटारी आणि पंपांचे सुटे भाग, आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळणं. दुकान सासऱ्यांचं. मी त्यांना मामा म्हणायचे. नवरा अंबाजोगाईला कॉलेजात शिकवायचा आणि शनिवारी यायचा, त्यामुळे आठवडाभर दुकानात मामा आणि मी. मी औरंगाबादेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. बीडच्या प्रत्येक गल्लीत कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती, आणि ज्याच्या घरी फोन आला तो दार उघडंच ठेवायचा, म्हणजे घंटी वाजली की शेजारच्यांना ऐकू जावी. अशा दिवसांत घरी बसून पापड लाटायची माझी तयारी नव्हती आणि मामांचीही मला बसवायची नव्हती. त्यांनी काउंटरच्या शेजारी मला एक टेबल दिलं आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "आमच्या सूनबाई इंजिनेर हायेत."

त्या टेबलावर मी एक डबा बनवला. आमच्याकडे लाइट कधी येईल ते कुणी सांगू शकत नसे. आली की शेतकऱ्याला उठून विहिरीवर जायचं, मोटार चालू करायची, आणि तो पोचेपर्यंत ती पुन्हा गेलेली. माझा डबा लाइट आल्यावर स्वतःच मोटार चालू करणार होता. आधी व्होल्टेज नीट आहे का पाहणार, मगच सुरू करणार. आत एक नवीन, छोटी, हुशार चिप होती. डबा जिवंत आहे हे कळावं म्हणून बाहेर एक हिरवा दिवा, सारखा लुकलुकणारा.

दुकानातल्या टेबलावर डबा इतका शहाण्यासारखा वागायचा की मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला प्लग काढून-घालून दाखवायचे. पण ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर बसवला की मध्येच दिवा विझायचा, आणि मग मोटारही नाही नि काही नाही. काढून दुकानात आणला की पुन्हा लुकलुक सुरू.

"हितं शहाणं, रानात येडं," मामा म्हणाले. "आपल्या पाव्हण्यांसारखं हाय."

चिप नेमकी कुठे अडकते हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. तिच्या आत, ती चालू असताना डोकावायला हवं होतं. त्यासाठी डीबगर लागतो. चिपला एका वायरीनं संगणक जोडायचा, संगणकावरून तिला म्हणायचं 'थांब', आणि विचारायचं, तू आत्ता प्रोग्रॅमच्या कुठल्या ओळीवर आहेस? कंपनीचा डीबगर आमच्या ऐपतीबाहेरचा होता. मी बंगळुरात नोकरी करणाऱ्या एका वर्गमैत्रिणीला फोन केला.

ती म्हणाली, "अगं, ओपन सोर्स आहे की! मी सीडी पाठवते. पण तयार नाहीये हं. सोर्स कोड आहे. बिल्ड तुलाच करावं लागेल."

सीडी आली. मामांनी ती उन्हात धरून बघितली. तिच्यात काय आहे ते मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. तयार मोटार विकत आणली तर ती बंद असते. इथे पत्रा, तार, नकाशा, सगळं उघडं दिलंय, बांधायचं आपण.

"म्हंजे वायंडिंग आपुनच करायचं."

"हो. तेच ते."

"आन पैशे?"

"पैसे नाहीत. कुणीतरी स्वतःच्या गरजेसाठी केलं आणि सगळ्यांना देऊन टाकलं. कुणी सुधारलं तर तेही सगळ्यांना."

"कावून पण?" मामांना खरोखरच कळत नव्हतं. "मग त्यांचं दुकान कसं चालतं?"

मी सीडी दुकानातल्या जुन्या संगणकात सरकवली.

बिल्ड करायला बसले आणि पहिल्याच पायरीला संगणकानं सांगितलं की अमुक एक लायब्ररी सापडत नाही. म्हणजे या प्रोग्रॅमला आधी दुसरा एक प्रोग्रॅम हवा होता. मी बीडला जाऊन सायबर कॅफेतून तो फ्लॉपीवर उतरवून आणला. तर त्याला तिसरा हवा. पुन्हा बीड. चौसाळा–बीड जीपचा ड्रायव्हर मला विचारायला लागला, "मॅडम, दवाखान्याचं काई हाय का?" एकदा जीपच्या टपावर पिशवीतली फ्लॉपी बोचक्यांखाली दबून खराब झाली, आणि मी त्या सगळ्या सामानाला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

एकदाचं सगळं जमलं, फक्त बिल्ड चालू करायचं बाकी होतं, आणि गावातली डीपी जळाली. ट्रान्सफॉर्मरची ही बातमी आमच्याकडे फार शांतपणे स्वीकारली जाते. नवीन कधी येईल, असं विचारणाराच गावात नवखा ठरतो. आमचा जुना संगणक सबंध डीबगर बांधायला कित्येक तास घेणार होता, आणि दुकानातल्या इन्व्हर्टरवर तो धड चहा होईपर्यंतही तग धरत नव्हता.

मामांनीच मार्ग काढला. मांजरसुंब्याच्या फाट्यावर एका ढाबेवाल्याचा जनरेटर त्यांनी वर्षामागे दुरुस्त केला होता. तिथे दिवसभर जनरेटर चालायचा.

"कॉम्प्युटरच नेऊ की तिकडं," मामा म्हणाले.

आत्याबाई आतून बाहेर आल्या. "बाईमाणूस ढाब्यावर बसणार? ट्रकवाल्यांत?"

"मी हाय की संगं."

"तुमी असून काय उपेग? तुमी झोपताव." त्यांनी क्षणभर विचार केला. "थांबा, मीबी येते."

अशी आमची वरात सकाळीच निघाली. मालवाहू रिक्षात मागे गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर, तो मिठीत धरून मी. माझ्या पायांशी संगणक आणि हिरव्या दिव्याचा डबा. समोर आत्याबाई, मांडीवर भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा घेऊन. त्या कपिलधारच्या महाराजांच्या भक्त, त्यामुळे मांसाहाराचा वासही वर्ज्य. ढाब्याच्या कढईतलं काहीही त्या तोंडात घालणार नव्हत्या, आणि ते त्यांनी ढाबेवाल्याला पोचल्या पोचल्या सांगूनही टाकलं. तो बिचारा म्हणाला, "बसा की माय, पानी तरी प्या." पाणीही त्यांनी घरूनच आणलं होतं.

आम्ही एका बाजेवर मॉनिटर ठेवला, दुसऱ्या बाजेवर मी. आत्याबाई स्वयंपाकाकडे पाठ करून तिसऱ्या बाजेवर. मी कमांड दिली आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकायला लागल्या.

ट्रकवाले जमायला वेळ लागला नाही. एक जण हातात भाकरीचा तुकडा घेऊनच आला.

"काय बे हे? मॅच हाय का?"

"मॅच न्हाई बे, शेअर बाजार हाय," दुसरा म्हणाला. "आमच्या मालकाकडं असंच पळतंय."

मामांनी खुर्ची ओढली आणि समजावून सांगायला घेतलं की यंत्राच्या आत बघायचं यंत्र तयार होतंय, फुकटचं आहे, पण वायंडिंग आपलं आपण करायचं. ड्रायव्हर लोक गंभीरपणे ऐकत होते. मध्येच ओळी थांबल्या आणि 'एरर' असा शब्द आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. परीक्षेतही इतके लोक कधी माझ्याकडे बघत नव्हते.

प्रोग्रॅम एक फाइल एका ठिकाणी शोधत होता आणि माझ्या संगणकात ती दुसऱ्याच ठिकाणी होती. ती एक ओळ शोधून मी पत्ता बदलला आणि पुन्हा कमांड दिली. ओळी पळायला लागल्या. भाकरीवाला "चाललं, चाललं!" असं ओरडला. त्याचा ट्रक बराच वेळ तसाच उभा होता.

दुपार कलली तेव्हा बिल्ड पूर्ण झालं. शेवटची ओळ आली आणि पुढे काहीच नाही, नुसता लुकलुकणारा कर्सर. मी इतकी खूष झाले की चाचणी तिथेच घ्यायचं ठरवलं. घरी बनवलेली वायर संगणकाच्या मागे लावली, दुसरं टोक डब्यातल्या चिपला, आणि डब्याची पिन जनरेटरच्या बोर्डात घातली. डीबगरनं चिपला हाक मारली आणि चिपनं आपला ओळखक्रमांक सांगितला. मी त्या आकड्याकडे बघतच बसले. इतके महिने मुक्या असलेल्या माणसानं एकदम नाव सांगावं, तसं वाटत होतं.

"ए पोरी," आत्याबाई म्हणाल्या, "तुजा दिवा इझला की."

मी वळून पाहिलं. हिरवा दिवा विझला होता. ढाब्याच्या आत मसाल्याचा मोठा मिक्सर नुकताच सुरू झाला होता आणि जनरेटरचा आवाज खाली बसला होता. जे टेबलावर कधीच झालं नव्हतं ते माझ्या डोळ्यांदेखत, वायर जोडलेली असताना झालं होतं. मी टाइप केलं, 'थांब'.

चिप थांबली. डीबगरनं ओळ दाखवली. ती मी स्वतःच लिहिली होती. व्होल्टेज स्थिर होईपर्यंत वाट बघ, असा तिचा अर्थ. किती वेळ वाट बघायची ते मी लिहिलंच नव्हतं. दुकानातल्या इन्व्हर्टरवर व्होल्टेज लगेच स्थिर व्हायचं. रानात आणि ढाब्यावर ते एका जागी ठरतच नव्हतं, म्हणून चिप आपली बसली होती वाट बघत.

मी मामांना सांगितलं. ते इतके हसले की टोपी खाली पडली.

"बीड जिल्ह्यात... लाइट स्थिर व्हायची वाट बघायलीय!" ते ड्रायव्हरांना सांगत सुटले. "म्हातारी होईल की चिप!"

ढाबेवाल्यापर्यंत तो विनोद पोचला आणि त्यानं सगळ्यांना चहा दिला. आत्याबाईंनी तोही घेतला नाही, पण डब्यातलं दही त्याला दिलं.

दुरुस्ती तिथेच केली. थोडा वेळ वाट बघ, व्होल्टेज सुरक्षित असेल तर चालू कर, नसेल तर दम खाऊन पुन्हा बघ. ढाबेवाल्याला मिक्सर पुन्हा-पुन्हा चालू-बंद करायला लावलं. दिवा लुकलुकत राहिला. शेतकऱ्याच्या विहिरीवरही पुढे तो तसाच राहिला, आणि मग आजूबाजूच्या गावांतून डबे मागायला माणसं येऊ लागली.

ही गोष्ट फिरत फिरत बीडच्या एका तंत्रनिकेतनातल्या सरांच्या कानावर गेली. मुलांच्या लॅबमध्ये डीबगर बसवून द्याल का, असं त्यांनी विचारलं. लॅबमधल्या प्रत्येक संगणकावर पुन्हा ते सगळं बांधत बसणं मला झेपणारं नव्हतं. म्हणून मी पॅकेज करायचं ठरवलं. आपण एकदा बांधलेलं सगळं एकाच फाइलमध्ये नीट भरायचं, कोणती वस्तू कुठे ठेवायची आणि सोबत आणखी काय लागेल तेही त्यातच लिहायचं. समोरच्यानं एक कमांड दिली की काम झालं.

माझ्या संगणकावर पॅकेज सुरेख बसलं. सीडी घेऊन मी लॅबमध्ये गेले, मुलं-मुली दाटीवाटीनं उभ्या, आणि मी ऐटीत कमांड दिली. पॅकेज बसलं. डीबगर चालू केला तर त्यानं लगेच तक्रार केली. पुढे उभ्या असलेल्या एका मुलीनं ती मोठ्यानं वाचली आणि खुदकन हसली.

"मॅडम, हे तर चौसाळ्याला शोधायलंय!"

खरंच होतं. माझ्या संगणकावरच्या फोल्डरला मी गावाचंच नाव दिलं होतं, आणि तो पत्ता पॅकेजमध्ये तसाच राहिला होता. बीडच्या लॅबमधला बिचारा प्रोग्रॅम आपल्या फाइली चौसाळ्यात हुडकत होता. सरही हसले, मीही हसले. घरी येऊन पत्ता सुधारला, तर पुढच्या खेपेला एक लायब्ररी सोबत द्यायची राहिल्याचं कळलं. पण त्यानंतरची सीडी बसली ती बसलीच. मुलांनी दुपारभर चिपला 'थांब' आणि 'चल' म्हणून छळलं.

ढाब्यावर बदललेली ती एक ओळ आणि पॅकेज करण्याची कृती मी डीबगर लिहिणाऱ्या मंडळींना ईमेलनं पाठवून दिली. आपण घेतलं तर आपणही काही द्यावं, एवढंच मनात होतं. माझं इंग्रजी पत्र मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गावाचं नाव टाकलं का?" मी टाकलं. कुठल्याशा थंड देशातून उत्तर आलं. ओळ घेतली होती, आभार मानले होते, आणि गावाच्या नावाचा उच्चार कसा करायचा ते विचारलं होतं. मामांनी ते उत्तर मला कॅफेतून छापून आणायला लावलं आणि दुकानात आलेल्या प्रत्येकाला त्या गोऱ्याला आपल्या गावाचं नाव घेता येत नाही म्हणून सांगितलं.

मग एक दिवस अनोळखी माणसाची ईमेल आली. ब्राझीलमधून. त्यानं त्या मंडळींच्या वेबसाइटवरून माझ्या कृतीनं बनलेलं पॅकेज घेतलं होतं, पण त्याच्या संगणकाला वायर दिसतच नव्हती. तोपर्यंत दुकानात फोनच्या तारेवरचं इंटरनेट आलं होतं आणि मामा माझ्या खांद्यामागे उभे होते.

"काय म्हणतोय?"

"त्याच्याकडं चालेना."

"मग बसलीस कावून? सांग की त्याला."

मी कीबोर्ड पुढे ओढला. मामांनी गिऱ्हाइकाला हातानंच थांबायची खूण केली.