ओव्हाळ सर आणि आंबलेली टाकी

सुदाम ओव्हाळ सरांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त गेल्या महिन्यात निघालेल्या परिचयपत्रिकेत मी लिहिले होते की, वरवंडची आमची गोबरगॅसची टाकी थंडीमुळे बंद पडली होती. ते चूक आहे. ती बंद पडली सरांच्या सांगण्यावरून तिच्यात घातलेल्या लग्नाच्या जेवणामुळे. पत्रिका वाचून सरच म्हणाले, "थंडीला कशाला बोल लावता? गौरवग्रंथात तरी नीट लिहा." म्हणून आधी ही दुरुस्ती. मला स्वतःलाही ती आज गरजेची वाटते. शिरूरच्या मुलींच्या वसतिगृहातली नवी टाकी सरांनी माझ्या हवाली केली आहे. तिच्यात शेण चालू आहे, ज्योतही निळी येते. पण ज्याच्यासाठी ती बांधली, ते स्वयंपाकघरातले खरकटे घालायला माझा हात अजून धजावत नाही.

सर शिरूरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी मोपेडवरून शिरूर-दौंडच्या गावांतल्या टाक्या बघत फिरत. माझे पहिले शिक्षण घरीच झाले होते. आईने अक्षरांच्या जोडीने टाकीत घालायचा शेण-पाण्याचा शेणकाला कालवायलाही शिकवले होते. सर पहिल्यांदा आमच्या गोठ्यामागे आले, तेव्हा वडिलांना काही विचारण्याआधी मला म्हणाले, "तुम्ही वासावरून टाकीची तब्येत सांगता म्हणे. आज वास कसा हाय?" मी शाळकरी पोर. मला 'तुम्ही' म्हणणारे ते पहिलेच. मी म्हणाले, "ओल्या मातीवानी." सरांनी स्वतः वाकून वास घेतला आणि मगच मान डोलावली.

पुढे थोरल्या बहिणीच्या लग्नात भात आणि बुंदी पुष्कळ उरली. वडिलांनी विचारले, "सर, टाकीत घालू का? जनावरांनी तरी किती खायचं?" शिजलेल्या अन्नातून शेणापेक्षा कितीतरी जास्त गॅस निघतो, हे सरांनी वाचले होते, त्यांना ते डोळ्यांनी बघायचे होते. "घाला की," ते म्हणाले. "बघू तरी काय करती."

दुसऱ्या दिवशी टाकीचे लोखंडी झाकण कधी नव्हे इतके वर आले. माणसे बघायला जमली. आईने काडी ओढली, शेगडीजवळ नेली, काडी विझली. पुन्हा तेच. चुलते म्हणाले, "नुसतीच फुगून बसलीया, मानपान न मिळालेल्या व्याह्यावानी." सगळे हसले. आई हसली नाही. गॅसच्या भरवशावर तिने चूल काढून टाकली होती आणि घर पाहुण्यांनी भरलेले होते. शेजारच्या आप्पांनी आपल्या टाकीसाठी घेतलेला खड्डा तसाच सोडला.

निरोप मिळताच सर आले. आधी आईपुढे जाऊन म्हणाले, "वहिनी, चूक माझी हाय." मग शेणकाल्याचा वास घेतला. तो आंबट येत होता. मला वाटले होते त्यांचा चेहरा पडेल, पण ते उकिडवे बसून मला समजावू लागले. "हे बिघडलं न्हाई. अर्ध्या वाटेवर थांबलंय." टाकीत जिवाणूंच्या दोन टोळ्या असतात. पहिली अन्नाचे आम्ल करते, दुसरी त्या आम्लाचा जळणारा वायू करते. पहिली झपाट्याची, दुसरी सावकाशीची. "वाढपी सुसाट सुटलेत, आन् पंगतीला एकच म्हातारा बसलाय." झाकण वर आले होते ते न जळणाऱ्या वायूने. हेच आम्ल निराळे काढता आले तर कारखान्यांना कामाचे असते, असे म्हणत त्यांनी बाटलीभर काला शाळेतल्या प्रयोगशाळेसाठी घेतलासुद्धा.

उपाय म्हणजे खरकटे बंद, थोडी चुन्याची निवळी, आणि चालू टाकीतला काला विरजणासारखा घालणे. वडगाव रासाईच्या सीताआक्कांच्या टाकीला खरकट्याची सवय होती. टेम्पोतून आम्ही तिथे पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आक्का दारातच म्हणाल्या, "तिन्हीसांजेला विरजण देत न्हाई आमच्यात."

वडील वैतागले. "आक्का, शेण हाय ते."

"आसंल. माझी शेगडी त्याच्यावरच पेटती."

सर म्हणाले, "बराबर हाय. सकाळी येतो."

वाटेत वडील म्हणाले, "सर, तुम्ही रसायन शिकवता, आन् हे मानता?" सर म्हणाले, "वस्तू तिची हाय. कवा द्यायची ते तिनं ठरवायचं."

सकाळी आक्कांनी स्वतः पिंपे भरून दिली आणि हळूच विचारले, "राग न्हाई ना आला?"

"चहावर अवलंबून हाय," सर म्हणाले.

टाकी हळूहळू सावरली. आईची शेगडी पेटली, आप्पांनी खड्डा बांधून घेतला. तेव्हापासून नव्या गावात गेले की सर आधी आपली ही फजिती सांगतात, मग टाकीचे फायदे. त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसतो तो मला वाटते त्यामुळेच.

वसतिगृहाच्या टाकीबद्दल मी त्यांना इतके प्रश्न विचारले आहेत की दुसरे कुणी कंटाळले असते. "आंबली तर?" असे परवाही विचारले. ते म्हणाले, "तर मला बोलवा. मला बघायचंच हाय. पर टाकीपुढं नुसतं उभं राहून मुलींचा भात शिजत न्हाई."

कुठल्याही टाकीवर वाकून वास घेता येईल अशी धडधाकट पाठ आणि "बघू तरी" म्हणायची ही हौस सरांना पुढची कितीतरी वर्षे लाभो. हा ग्रंथ रविवारच्या सत्कारात आपल्या हाती पडेल. सोमवारी सकाळी, मुलींची न्याहारी उरकली की, मी टाकीत पहिले खरकटे घालणार आहे.