दहा दिवसांची चिठ्ठी

मी लोणावळ्याजवळच्या औंढ्यातून निघाले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि माझी आई झोपली होती. गाडी दारात उभी, डिकीत बॅगा चढलेल्या. आमच्या घरात कुणी लांब जायला निघालं की सगळे बुद्धाच्या तसबिरीपुढे उभे राहतात, त्रिशरण-पंचशील होतं आणि मगच उंबऱ्याबाहेर पाऊल पडतं. शेजारून काकू आली, माझी सख्खी चुलती. तिनं आईला दंडाला धरून उठवलं, तोंडावर पाणी मारलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. पंचशील नेहमी आई सांगायची, आम्ही मागून म्हणायचो. त्या दिवशी ती तिसऱ्या शीलाला अडली. काकूनं पुढचं पुरं केलं. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, "जा, नीट जा," म्हणाली, आणि मी चपला घालेपर्यंत पुन्हा आडवीही झाली.

भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. गाडी रस्त्याला लागल्यावर मला काय वाटलं ते आज लिहूनच टाकते. मला सुटल्यासारखं वाटलं. दारात रडारड झाली नाही, कुणी माझा हात धरून ठेवला नाही. आयर्लंडमधली नर्सची ती नोकरी मी चार वर्षं धडपडून मिळवली होती, इंग्रजीच्या परीक्षेला दोनदा बसले होते. आई जागी असती तर कदाचित मी गेले नसते, आणि मला जायचं होतं.

आईला ओळखणाऱ्यांना हे वाचून वाईट वाटेल. वाटू दे. ओढ्याकडची हातभट्टी बायका गोळा करून मोडून काढली ती हीच बाई. भाऊ देहूरोडच्या लष्करी डेपोत मजूर होते आणि पगाराच्या दिवशी लोकलमधून उतरून सरळ घरी येत नसत. आई त्यांना शिव्या देत नसे. संध्याकाळी वंदनेला ती त्यांना शेजारी उभं करायची आणि पाचवं शील, नशेपासून लांब राहण्याचं, त्यांच्या तोंडाकडे बघत दोनदा म्हणायला लावायची. दोन वर्षं हे चाललं. शेवटी भाऊ म्हणाले, "बाई, तुजं त्ये शील आइकण्यापरीस सोडलेली बरी." सोडली ती कायमची. मग निवृत्त झाल्यावर दोघं दिवसभर एकमेकांच्या मागे-मागे, शेतात काय आणि चुलीपाशी काय. एका सकाळी भाऊ भाताच्या खाचराच्या बांधावर बसले ते उठलेच नाहीत.

आई मोठ्यानं रडायची. त्यांच्याशी बोलत, भांडत, दिवसभर रडायची. तीन दिवस मी ते ऐकलं आणि चौथ्या दिवशी तिला लोणावळ्याला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिला विचारलं, काय होतंय. तिनं तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "झोप नाही. काहीतरी लिहून द्या." डॉक्टर भले होते. रोज एक अशी दहा दिवसांची गोळी त्यांनी लिहिली आणि म्हणाले, "याच्यापुढे नको. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला काय सांगायचं." मी मान डोलावली.

बाहेर आल्यावर समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी ती चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली. हसू नका. आमच्या घरात जातीचा दाखला, शाळा सोडल्याचे दाखले, भाऊंचं डेपोचं नेमणूकपत्र, सगळं प्लास्टिकमध्ये बंद असतं. एका कागदासाठी किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात ते भाऊंनी भोगलं होतं. "बाकी काय बी हरवू दी, कागूद सांभाळ," एवढंच ते सारखं सांगायचे. त्यात मावळातला पाऊस, ट्रंकेतला कागदसुद्धा ओलसर होतो. माझा हात सवयीनं दुकानाकडे गेला आणि दहा दिवसांचा कागद मी जन्माचा करून ठेवला. वर मेडिकलवाल्याला सांगितलं, आईला सारखा डॉक्टरकडे हेलपाटा नको, ही दाखवली की देत जा. तो म्हणाला, "तुम्ही सांगताय म्हटल्यावर प्रश्नच नाही, ताई."

इथे, डब्लिनच्या वृद्धाश्रमात, म्हाताऱ्यांना रेसिडेंट म्हणतात. त्यातल्या एकाला झोपेची गोळी द्यायची तर कुलपातलं कपाट उघडायचं, रजिस्टरवर वेळ टाकायची, दोन नर्सनी सह्या करायच्या. पाकिटात एक गोळी कमी भरली तर शिफ्ट संपत नाही. जाडावलेली जीभ, अर्ध्यात तुटणारं वाक्य, हे मला परक्या माणसात अर्ध्या मिनिटात ओळखू येतं, पगारच त्याचा मिळतो. आणि ब्रेकमध्ये मी औंढ्याला व्हिडिओ कॉल लावायचे तेव्हा आई नुसती "व्हय, व्हय" करायची, मधेच तिचे डोळे मिटायचे. काकू फोन हातात घेऊन म्हणायची, "लय झोपती गं ही. आता दुपारची बी घेती येक." मी म्हणायचे, "झोपू दे गं काकू, तेवढाच आराम."

जवळजवळ वर्षभर मी त्याला आराम म्हणत होते. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर गेलेत त्यांना मी विचारते, तुमच्या घरी सध्या कशाकशाला आराम म्हणतात? फोनवर आईचं "मी बरी हाय" ऐकलं की आपण किती पटकन जेवायला जातो, ते मला ठाऊक आहे.

मग एका दुपारी काकूचा फोन आला. "तुजी आई मोरीत पडली. मनगाट मोडलंय. आन् ह्ये डेपोतनं आलं का, म्हनून इचारती." तीन आठवड्यांची रजा टाकून मी आले. तांदळाच्या डब्यात हात घातला तर गोळ्यांच्या पट्ट्या लागल्या, पाच-सहा दुकानांच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या. लोणावळा, कामशेत, तळेगाव, देहूरोड. एक मेडिकलवाला कुरकुरायला लागला की ती पुढचं स्टेशन धरायची. एरवी बाजारालाही एकटी न जाणारी ही बाई भाऊंच्या लोकलनं, भाऊंच्या स्टेशनापर्यंत, ती चिठ्ठी पिशवीत घालून जात होती. काही दुकानदार तारीख बघत नव्हते. बघणाऱ्यांना ती सांगायची, माझी लेक परदेशात नर्स आहे, तिनंच पक्की करून दिलीय. दिवसाला चार-पाच गोळ्या चालल्या होत्या.

मी पट्ट्या तिच्यापुढे मांडल्या आणि जे तोंडाला आलं ते बोलले. म्हणाले, "आई, ही नशा आहे. पाचवं शील रोज सांगतेस ना?"

ती शांतपणे म्हणाली, "नशा दारूची आसती. ही डाक्टरची गोळी हाय. आन् आणली कुनी? तूच ना? तुला माजं रडनं नको हुतं, म्हनून आणली."

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. भिंतीला टेकून उभी होती त्या दुपारीसुद्धा. मी उठले आणि कात्री शोधायला गेले. चिठ्ठीवरचं ते प्लास्टिक हातानं फाटत नाही. कापताना मला वाटलं ती अंगावर येईल, पण ती बघत बसली आणि म्हणाली, "आता काय करू गं मी, वैशाले?"

गोळी एकदम बंद करता येत नाही, झटके येतात, हे मला चांगलं माहीत होतं. त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, ते फार लागलं. हळूहळू उतरवायला चार महिने लागतील, म्हणाले, आणि गोळ्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात ठेवायच्या. म्हणून रोज मीच गोळीचे तुकडे करून तिच्या तळहातावर ठेवू लागले. ती थरथरायची, घाम यायचा, माझ्या नावानं बोटं मोडायची. दुसऱ्या आठवड्यात तिचे डोळे जरा निवळले आणि त्याबरोबर ते रडणं परत आलं, वर्षापूर्वी मी जिथे थांबवलं होतं तिथूनच. भाऊ बांधावर बसले ती सकाळ तिच्यासाठी जणू कालची होती. शेजारणी सांत्वन करून केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या, त्यांना कळेना ही आत्ता कशाला रडते. मी तिच्याजवळ बसून राहिले. नर्सचं शिक्षण त्याला काही उपयोगाचं नव्हतं.

रजा संपली. राहता आलं असतं का? आलं असतं. मी राहिले नाही. निघताना आई पूर्ण जागी होती, पंचशील तिनंच सांगितलं, न अडता. पाचव्या शीलाला तिनं माझ्याकडे पाहिलं. भाऊंना ती नजर कशी वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. काकू आता गोळ्यांचा डबा आपल्या घरात ठेवते आणि सांगितलेला तुकडा मोजून देते. "तुजी आई मला वैरीन म्हनती," असं ती मला हसत सांगते, पण तिचाही जीव मेटाकुटीला आलाय.

इथले लोक विचारतात, घरची आठवण येते का? त्यांना वाटतं मला खाचरं आठवत असतील, धुकं आठवत असेल. माझं घर आता रोज माझ्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर येतं. आई रडते, भाऊंना नावं ठेवते, मलाही ठेवते, पुन्हा रडते. मी स्टाफरूममध्ये डबा झाकून ऐकत राहते, "झोप जरा" म्हणत नाही. मधेच ती थांबून विचारते, "कटाळलीस का?" मी नाही म्हणते. पुष्कळदा ते खोटं असतं. तिलाही ते कळतं, आणि तरी ती पुढे रडत राहते.