स्टोअरच्या खुर्चीवरून

पासवर्डचा नियम मीच बदलला, साफ विसरलो, आणि मग चोर शोधायला निघालो.

सिल्वासाजवळ नरोलीतल्या एका सूत कारखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. या खात्यात मी एकटाच. घर नाशिकला, इथे डोकमर्डीला भाड्याची खोली, आणि बोलायला एक पंखा, तोही एकाच सुरात. माणसं भेटायची ती पासवर्डच्या कृपेने. लागोपाठ तीनदा पासवर्ड चुकला की खातं बंद पडायचं, ते उघडून घ्यायला माझ्या केबिनमध्ये यावं लागायचं. सोमवारी तर रांग. कोणी गुजरातीत वैतागायचं, कोणी हिंदीत, मी मराठीत शहाणपण शिकवायचो. काम अर्ध्या मिनिटाचं. मी ते चहा संपेपर्यंत लांबवायचो.

सगळ्यात जास्त चुकायचा स्टोअरकीपर. धुळ्याकडचा, माझ्याच वयाचा. "भाऊ, परत बंद पडलं बरं का," म्हणत खुर्ची ओढायचा. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. सिल्वासात मला भाऊ म्हणणारा तो एकटा.

दिवाळीची सुट्टी संपवून परतलो, तर केबिनकडे कोणी फिरकेना. सोमवारही सुना गेला. आधी वाटलं, लोक सुधारले. मग वाटलं, आता आपली कोणाला गरजच उरली नाही की काय. शेवटी करमेना म्हणून सर्व्हर उघडून बसलो. खातं बंद पडण्याचा नियमच काढून टाकलेला. म्हणजे आता कोणीही, कोणाच्याही खात्यावर, लागेल तोवर पासवर्ड आजमावत बसावं. घुसखोर आधी हेच करतो, असं मीच सगळ्यांना सांगत आलोय. असा बदल झाला की मला मेल यावा, ही सोयही माझीच. मेल आला होता. दिवाळीच्या शुभेच्छा आणि सोफ्यांवरच्या सवलती यांच्या ढिगाखाली पडला होता. बदल ॲडमिनच्या खात्यातून, स्टोअरच्या कॉम्प्युटरवरून.

आता, ॲडमिन म्हणजे मी. पण तिथे माझं नाव नव्हतं, नुसतं 'ॲडमिन' होतं, आणि त्या गृहस्थाचा मला जराही संशय आला नाही. स्टोअर म्हटल्यावर मला दिसला तो स्टोअरकीपर. कितीदा तो शेजारी बसलेला असताना मी पासवर्ड टाकला होता. पाहिला असणार.

त्याला काही न विचारता मी मॅनेजरांकडे गेलो. स्टोअरचा कॉम्प्युटर जप्त झाला. स्टोअरकीपरला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. गुन्हा ठरला तर नोकरी जाणार, हेही सांगितलं. मी डबा घेऊन केबिनमध्ये बसलो. भाजी बरी होती. उरली.

चौकशीला मॅनेजरांनी दोघांना समोरासमोर बसवलं.

"तुझ्या कॉम्प्युटरवर दुसरं कोणी बसलं होतं?"

"बसलं होतं ना. हेच बसले होते." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "सुट्टी लागायची होती त्या संध्याकाळी. यांची केबिन बंद करून झालेली, पाठीवर बॅग, बाहेर वापीची रिक्षा थांबलेली. म्हणाले, जरा ऊठ रे, मिनिटाचं काम आहे. सुट्टीत कोणाचं खातं अडकायला नको, नाहीतर घरी फोन करून पिडतील. मी उठलो. वाटेत खायला चिवडा पण दिला."

मला आधी चिवडा आठवला. शेंगदाणे जरा करपले होते. मग बाकीचं एकेक करून आठवत गेलं, आणि मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो.

"सर, मीच," म्हणालो.

मॅनेजर हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्टोअरकीपरला उद्यापासून यायला सांगितलं आणि मला केबिनमध्ये जाऊन नियम परत लावायला सांगितलं.

लावला. त्यापुढच्या सोमवारी रांगही परत लागली. रांग संपल्यावर तो आला, दारातच थांबला.

"साहेब, खातं बंद पडलंय."

मी खुर्ची पुढे सरकवली. चहा सांगू का, विचारलं. झालं ते चुकलंच माझं, असंही पुटपुटलो. तो उभाच राहिला. लांबवण्यासारखं काही सुचेना. अर्ध्या मिनिटात खातं उघडलं.

जाताना तो वळला. "कोणी उघडलं ते तेवढं लिहून ठेवा, साहेब. तुम्ही उद्या विसराल, आणि घरी मला बसावं लागेल."